न वाचलेल्या पुस्तकांचे प्रमुख पाहुणे

ढुंढिराज आठल्ये रेल्वेच्या पार्सल कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, तोपर्यंत मराठी साहित्याशी त्यांचा संबंध केवळ वजनापुरता होता. पुण्याहून, नागपुराहून पुस्तकांचे खोके स्टेशनावर उतरायचे, काट्यावर चढायचे आणि ढुंढिराज पावती फाडायचे. एवढ्या नोकरीत त्यांचं एक मत पक्कं झालं होतं, की कविता हलकी असते आणि आत्मचरित्र जड. पुढे ते विद्वान म्हणून प्रसिद्ध झाले, गळ्यात हार पडले, पण मत तेच राहिलं.

ते विद्वान कसे झाले हे रामघाटावरच्या मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. उघड कोणी बोलत नाही, कारण त्यात थोडाथोडा हात सगळ्यांचाच आहे.

त्याचं असं झालं. डिसेंबर लागला की मराठीत पुस्तकांचा पूर येतो. बक्षिसांचे नियमच तसे असतात. ज्या सालचं बक्षीस, त्या सालचं पुस्तक. त्यामुळे जानेवारीपासून 'लिहितोय, लिहितोय' म्हणत हिंडणारी सगळी मंडळी वर्ष संपता संपता एकदम बाळंत होतात. कादंबऱ्या येतात, आत्मचरित्रं येतात, साखर कमी कशी करावी आणि श्रीमंत कसं व्हावं यावरची पुस्तकं येतात. पुण्यात तेव्हा सभागृह मिळत नाही. मिळालंच तर श्रोते मिळत नाहीत, कारण श्रोते दुसऱ्या सभागृहात आपापल्या पुस्तकाचं प्रकाशन करत असतात. अशा टंचाईत कोणाला तरी सुचलं, की पुस्तक काशीला नेऊन प्रकाशित करावं. नाहीतरी वडिलांचं पिंडदान राहिलेलंच आहे. एका फेरीत दोन्ही उरकेल.

रामघाटाच्या मराठी वाङ्मय मंडळाला हे वरदानच वाटलं. तोवर मंडळ गणपतीतलं एक व्याख्यान आणि कोजागिरीचं दूध यांवर कसंबसं तग धरून होतं. मंडळाचे कार्यवाह बिंदुमाधव गर्दे बँकेत नोकरीला. योजना आखायचा त्यांना नाद. त्यांनी सगळं बसवून दिलं. सकाळी दशाश्वमेधावर पूजा, दुपारी बजड्यावर, म्हणजे मोठ्या दुमजली नावेवर, प्रकाशन, संध्याकाळी आरती. बजडा शिंदे घाटासमोर थांबवायचा. पाठीमागे पाण्यात कललेलं देऊळ, पुढे ताठ उभा लेखक, आणि शेजारच्या मणिकर्णिकेचा धूर येणार नाही असा कोन. फोटो इतके झकास निघत, की पुस्तक कसं आहे हे विचारायचं लोकांच्या लक्षातच राहत नसे.

पहिल्याच वर्षी घोळ झाला. वेदपाठशाळेतले एक वृद्ध गुरुजी प्रमुख पाहुणे म्हणून ठरले होते, त्यांना ऐन वेळी ताप भरला. ढुंढिराज तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते आणि जुन्या ओळखीमुळे स्टेशनावरून खोका सोडवून आणण्याचं काम त्यांच्याकडे होतं. खोका बजड्यावर टेकवून ते दम खात उभे होते. उंच, गोरे, निवृत्तीनंतर आळसाने वाढलेली पांढरी दाढी, थंडीसाठी अंगावर शाल. बिंदुमाधवांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा रिकाम्या खुर्चीकडे.

"काका, वर बसा," ते म्हणाले. "दोन शब्द बोला, बस. बाकी मी सांभाळतो."

ढुंढिराजांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "हे पुस्तक म्हणजे नुसतं पुस्तक नाही." मग ते थांबले. नुसतं पुस्तक नाही तर काय आहे, हे त्यांना सुचेना. पण ते थांबणं इतकं लांबलं, आणि तेवढा वेळ ते गंगेकडे असे बघत राहिले, की लोकांना गहिवरून आलं. टाळ्या पडल्या. लेखकाच्या बायकोने डोळे पुसले. पुढच्या वर्षीच्या पत्रिकेत छापून आलं, 'काशीचे ज्येष्ठ विचारवंत व व्यासंगी वाचक मा. श्री. ढुंढिराज आठल्ये'. त्यांनी ती ओळ पुन्हापुन्हा वाचली. दुरुस्त करायला सांगावी असं एकदा मनात आलं. मग वाटलं, छापलेल्या गोष्टीला नावं ठेवणारे आपण कोण.

पण दरवर्षी नुसत्या थांबण्यावर भागणार नव्हतं. लेखक सावध झाले होते. आमचं कोणतं प्रकरण आवडलं, असं चहा पिताना विचारू लागले होते. तिथे शरदिनीबाई कामाला आल्या.

शरदिनीबाई ढुंढिराजांच्या पत्नी. माहेर जबलपूरचं, इथल्या एका शाळेत हिंदी शिकवून त्याही निवृत्त झाल्या होत्या. त्यांना वाचनाचं व्यसन होतं. हाताला लागेल ते वाचायच्या, शेवटपर्यंत वाचायच्या, आणि वाचता वाचता लेखकाशी भांडायच्या. मंडळाकडून पुस्तकं आली की छतावर उन्हात चटई टाकून, माकडांसाठी शेजारी काठी ठेवून त्या बसत. पुस्तक संपलं की मटर सोलता सोलता नवऱ्याला सांगत: यात असं असं आहे, हे बरं जमलंय, हे कुठून तरी उचललेलं वाटतं, शेवट फसलाय. ढुंढिराजांचं पाठांतर दांडगं. सगळ्या स्टेशनांचे कोड त्यांना अजून तोंडपाठ होते, तिथे चार वाक्यांची काय कथा. 'शेवट फसलाय' एवढं गाळून बाकीचं ते जसंच्या तसं माइकवर म्हणत. लोक म्हणत, काय वाचन आहे या माणसाचं. ढुंढिराज मान खाली घालत, आणि लोकांना तो विनय वाटे.

शरदिनीबाईंची याबद्दल काही तक्रार नव्हती. नवीकोरी पुस्तकं घरबसल्या मिळत होती. शाली तर इतक्या साठल्या होत्या, की त्यांनी त्या जोडून घरातल्या रजयांना खोळी शिवून घेतल्या होत्या.

दोन वर्षांमागच्या डिसेंबरात मात्र एकाच दिवशी दोन प्रकाशनं आली. एक नागपूरच्या श्रीनिवास गुळव्यांचं. गुळवे पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले इंजिनियर. पुस्तक म्हणजे त्यांचं आत्मचरित्र. नाव 'ओघळत्या उजेडाचा काठ'. दुसरं पुण्याच्या इरावती धामणकरांचं. ती कादंबरी. नाव 'उसवलेल्या किनाऱ्याची ओल'. नावावरून आत काय आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं, आणि हल्ली पुस्तकांना नावं ठेवतात ती बहुधा त्याचसाठी.

आदल्या दिवशी दोघेही आठल्यांच्या घरी चहाला आले. इरावतीबाईंबरोबर त्यांचे यजमान होते, सगळ्याला 'छान, छान' म्हणणारे. गुळव्यांबरोबर त्यांची मुलगी कस्तुरी होती. ती वडिलांच्या प्रत्येक घोटाचा व्हिडिओ काढत होती. शरदिनीबाईंनी गरम चूडा-मटर, म्हणजे मटर घातलेले पोहे, पुढे केलं. गुळवे रीतीप्रमाणे म्हणाले, "वहिनी, तुम्ही चाळलंत की नाही आमचं पुस्तक?"

शरदिनीबाईंनी ते चाळलं नव्हतं, सबंध वाचलं होतं, आणि वडिलांच्या आजारपणाच्या प्रकरणाबद्दल त्यांना काही विचारायचंही होतं. त्या तोंड उघडणार तेवढ्यात ढुंढिराज हसून म्हणाले, "हिचं काय विचारता. हिला मटर आणि टीव्हीवरच्या मालिका. पुस्तकांचा मामला माझ्याकडे."

सगळे हसले. शरदिनीबाईही हसल्या, आणि गुळव्यांच्या बशीत त्यांनी आणखी एक डाव वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढुंढिराज दाढी विंचरत म्हणाले, "अगं, आज दोन्हींचं झटपट सांग. बिंदुमाधव येईलच न्यायला."

"'ओघळत्या उजेडाचा काठ' ही कादंबरी," शरदिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "नायक इंजिनियर आहे. सगळी नोकरी सरकारी, पण हातून चूक म्हणून एक नाही. साहेब सगळे दुष्ट, कंत्राटदार सगळे चोर, हा एकटा धुतल्या तांदळासारखा. बायको सबंध पुस्तकात तीनदा येते. तिन्ही वेळा चहा घेऊन."

"बरं जमलंय का?"

"कल्पनाशक्ती अफाट आहे."

ढुंढिराजांनी ते मनात घोळवलं. "आणि दुसरं?"

"ते खरं आहे. बाईंनी स्वतःची हकिगत लिहिली आहे. गाणं शिकवायला येणाऱ्या मास्तरांबरोबर त्या गोव्याला जातात, मग परत येतात, सासूला चुकीच्या गोळ्या देतात. सासू जाते, बंगला यांच्या नावावर होतो. पश्चात्ताप वगैरे काही नाही."

ढुंढिराजांचा कंगवा दाढीतच थांबला. "आणि यजमान?"

"त्यांना शेवटपर्यंत पत्ता लागत नाही."

"काल तर बरे वाटले. साधे गृहस्थ."

"पुस्तकातही तसेच आहेत."

दोन्ही पुस्तकं पलंगावर पडली होती. कोणतं काय आहे ते पहिल्याच पानावर छापलेलं होतं. नुसता हात लांब करायचा अवकाश. ढुंढिराजांनी हात लांब केला, तो शालीसाठी.

बजडा शिंदे घाटासमोर जाऊन थांबला. मंडळाची माणसं, पाहुण्यांबरोबर आलेले नातलग, आणि मराठी ऐकून सहज चढलेले चार यात्रेकरू, असा श्रोतृवर्ग होता. फिती सुटल्या, पुस्तकं उंच धरली गेली, फोटो झाले. ढुंढिराज उठले.

"गुळवेसाहेबांनी," ते म्हणाले, "या पुस्तकात जो नायक उभा केला आहे, तसा माणूस आपल्या सरकारी खात्यांत कधी झाला नाही आणि होणार नाही. मी स्वतः रेल्वेत जन्म घालवला आहे, म्हणून सांगतो. जो कधी चुकत नाही, ज्याच्या भोवती सगळे चोर आणि हा एकटा साव, असा माणूस केवळ प्रतिभावंताच्या डोक्यातूनच निघू शकतो. आणि ती त्याची पत्नी. तीनदाच येते, पण चहा घेऊन येते. काय हा संयम. ही कल्पनाशक्ती पाहून मी थक्क झालो."

टाळ्या झाल्या. गुळवे खुर्चीत पुढे सरकून बसले होते. त्यांचा चेहरा आधी पडला, मग बावचळला, आणि 'प्रतिभावंत' हा शब्द हळूहळू आत उतरला तसा पुन्हा फुलत गेला. कस्तुरीने व्हिडिओ चालूच ठेवला होता.

"इरावतीबाईंच्या पुस्तकाबद्दल मात्र मी वेगळ्या भावनेने बोलणार आहे," ढुंढिराज म्हणाले आणि गंगेकडे बघून थांबले. या थांबण्यात ते आता पटाईत झाले होते. "स्वतःच्या आयुष्यातलं इतकं कडवट सत्य सांगायला छाती लागते. संगीत शिकवणाऱ्या गृहस्थांबरोबर गोव्याला गेले, हे कोण बाई चारचौघांत सांगेल? सासूबाईंना त्या गोळ्या आपणच दिल्या, हे कोण छापेल? इरावतीबाईंनी छापलं. आणि ज्या यजमानांना यातलं काही ठाऊक नव्हतं, ते आज पहिल्या रांगेत बसून हे सगळं ऐकत आहेत. त्यांच्याही मोठेपणाला मी वंदन करतो."

टाळ्या पडल्या नाहीत. धामणकर उठून उभे राहिले. रागाने उठून जाण्यासारखी ती जागा नव्हती. चहूकडे पाणी होतं. ते तसेच उभे राहून म्हणाले, "माझी आई जिवंत आहे. कोथरूडला असते."

ढुंढिराज गोंधळले. शरदिनीने तर सासू जाते म्हणून सांगितलं होतं. ते नुसते म्हणाले, "ईश्वराची कृपा."

इरावतीबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्यांनी माइक मागितला, पण बिंदुमाधवांनी तो आधीच पकडला होता. अशा वेळी काय करायचं हे बँकेत वर्षानुवर्षं खिडकीवर बसलेल्या माणसाला बरोबर कळतं. त्यांनी जाहीर केलं, की लेखिकांच्या सहीची प्रत खालच्या मजल्यावर मिळेल. मग जे झालं ते मंडळाच्या इतिहासात कधी झालं नव्हतं. सगळी माणसं एकदम जिन्याकडे धावली. नाव एका अंगाला कलली तेव्हा नावाड्याने ओरडून निम्म्यांना वर बसवलं. चार यात्रेकरूंनीही प्रती घेतल्या. गोव्याचं कोणत्या पानावर आहे, असं एक आजोबा लेखिकांनाच विचारत होते. बजडा घाटाला लागला तेव्हा 'उसवलेल्या किनाऱ्याची ओल'चा खोका रिकामा होता.

इरावतीबाईंनी पहिल्या काही सह्या रागाने खरडल्या. पुढे त्या नाव विचारून शुभेच्छाही लिहू लागल्या. पायऱ्या चढताना त्या यजमानांना समजावत होत्या, "अरे, आईंना कोण दाखवणार आहे? त्या फोन वापरत नाहीत." एक प्रत धामणकरांच्याही हातात होती, आणि ती ते पहिल्यांदाच उघडून बघत होते.

गुळव्यांचं एकही पुस्तक खपलं नाही. तरी त्यांनी ढुंढिराजांना बाजूला घेतलं आणि दोन्ही हातांत त्यांचा हात धरला. "आजवर मला सगळ्यांनी इंजिनियरच मानलं," ते म्हणाले. "माझ्यातला लेखक ओळखणारे तुम्ही पहिले." कस्तुरी तिथेच उभी होती. ती म्हणाली, "बाबा, मग आपण हे कादंबरी म्हणूनच बक्षिसाला पाठवू या का? त्या गटात रक्कमही जास्त आहे."

आपलं काय चुकलं ते ढुंढिराजांना बिंदुमाधवांनी गल्लीत सांगितलं. ते घरी आले ते चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"तू मला उलटं सांगितलंस," ते म्हणाले.

"गोष्टी सुलट्या सांगितल्या," शरदिनीबाई पोळी लाटत म्हणाल्या. "फक्त कादंबरी कोणती आणि खरं कोणतं, तेवढं बदललं."

"का पण?"

"मला वाटलं, कोणाच्या तरी लक्षात येईल. तुमच्या नाही तर बाकीच्यांच्या. एवढी माणसं होती." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "कोणी उठलं का?"

"धामणकर उठले."

"त्यांनी वाचलं होतं म्हणून उठले, की तुम्ही त्यांच्या आईला मारलंत म्हणून?"

ढुंढिराजांनी आता कुठे चपला काढल्या. खरं तर शरदिनीबाईंचीही निराशा झाली होती. नवऱ्याची चारचौघांत जिरेल, त्याची त्यांनी तयारी ठेवली होती. मग आपण दोन दिवस अबोला धरू आणि मिटवू, असंही ठरवलं होतं. त्याऐवजी रात्रीपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर 'आठल्येकाकांचं आजवरचं सर्वोत्तम भाषण' असे निरोप येत राहिले. आठवड्याभरात इरावतीबाईंच्या प्रकाशकाने जाहिरात केली, 'ही कादंबरी की कबुली?' आणि दुसरी आवृत्ती काढली. तिच्या मलपृष्ठावर ढुंढिराजांचं वाक्य होतं.

"मालिका बघते मी," शरदिनीबाई त्यांना एवढंच म्हणाल्या. "तुमची पुस्तकं यापुढे तुम्ही बघा."

आणि ढुंढिराजांनी खरंच वाचायला घेतलं. याला पश्चात्ताप म्हणणं बरोबर होणार नाही. त्यांना सिद्ध करायचं होतं, की वाचणं ही काही फार मोठी गोष्ट नव्हे. आपण आजवर वाचलं नाही ते वेळ नव्हता म्हणून. हातात वेळच वेळ असलेला माणूस हे म्हणत होता. त्यांनी गुळव्यांचं आत्मचरित्र उघडलं. पहिल्या कालव्यावर झोप लागली, दुसऱ्या कालव्यावरही लागली. चटई उन्हाबरोबर सरकवत, माकडांना हुसकावत त्यांनी महिनाभर ते रेटलं. मध्येच एका दुपारी शरदिनीबाई कपडे काढायला छतावर गेल्या, तर ढुंढिराज पुस्तकावर बोट ठेवून बसले होते आणि गंगेपलीकडच्या वाळूकडे बघत होते. त्या कपडे घेऊन खाली आल्या. ते गुळव्यांच्या वडिलांच्या आजारपणाचं प्रकरण होतं. मंत्र्यांची पाहणी आहे म्हणून साहेबांनी रजा दिली नव्हती, आणि यांनीही ती हट्टाने मागितली नव्हती.

पुढच्या डिसेंबरात गुळवे पुन्हा आले. या वेळी त्यांनी मुद्दाम कादंबरी लिहिली होती. सहाशे पानं, नाव 'निथळत्या काळोखाचे पायठसे'. बिंदुमाधव महिनाभर आधी प्रत देऊन गेले. "काका, बिलकुल तुमच्याच भरवशावर लिहिली आहे म्हणतात. बोला जरा मनापासून."

ढुंढिराजांनी ती अक्षर न अक्षर वाचली. नायक इंजिनियर होता. तो कधी चुकत नव्हता. साहेब दुष्ट होते. आत्मचरित्रातलं सगळंच्या सगळं होतं. फक्त नायकाला मिशी होती आणि वडिलांचं प्रकरण गाळलं होतं. त्याच्या जागी एक परदेश दौरा होता. पुस्तक मिटलं तेव्हा ढुंढिराजांच्या अंगात असा काही संताप भरला, जसा तो फक्त सहाशे पानं शेवटपर्यंत वाचलेल्या माणसाच्याच अंगात भरतो. आजवर इतक्या लेखकांबद्दल न वाचता वाटेल ते बोलून मोकळे झाले, तेव्हा त्यांचं काही बिघडलं नव्हतं. आता त्यांना वाटत होतं, या माणसाने आपला महिना खाल्ला.

बजडा थांबला, फिती सुटल्या. ढुंढिराज उठले आणि या वेळी मध्ये अजिबात थांबले नाहीत.

"मी हे पुस्तक वाचलं," ते म्हणाले. "हे मागच्याच पुस्तकाला मिशी लावून आणलं आहे. मागच्या पुस्तकात जे एक प्रकरण चांगलं होतं, ते यात काढून टाकलं आहे. गुळवेसाहेबांनी यापुढे कादंबरी लिहू नये असं माझं मत आहे." आणि ते बसले.

लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. मग एकेकाला काय ऐकलं ते कळत गेलं आणि टाळ्या तुटक तुटक होत थांबल्या. कस्तुरीने फोन खाली घेतला. शाल घेऊन आलेल्या बाईंना ती द्यावी की न द्यावी समजेना. त्यांनी ती घडी करून नावेच्या काठावर ठेवली. परतताना बिंदुमाधव अगदी मवाळपणे म्हणाले, "काका, दोन वर्षं जरा आराम करा तुम्ही. तब्येत सांभाळा." त्याच आठवड्यातल्या पुढच्या प्रकाशनाला योगाचे वर्ग घेणारे एक गृहस्थ प्रमुख पाहुणे होते. त्यांची दाढी ढुंढिराजांहून लांब होती, आणि आवाजही म्हणे फार गोड.

ढुंढिराजांना याचं दुःख झालं नाही असं नाही. ते दोन दिवस तोंड पाडून बसले. शरदिनीबाईंनी आपणहून मलइयो, म्हणजे काशीची थंडीतली दुधाच्या फेसाची मिठाई, आणून पुढे ठेवलं, पण पाठीवर थाप वगैरे दिली नाही. "इतकं तोडून बोलायला नको होतं," त्या म्हणाल्या. "मिशीचं वाक्य तेवढं चांगलं होतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी दारावर गुळवे उभे होते. वडिलांच्या श्राद्धासाठी ते राहिले होते. कपाळावर ओलं गंध होतं. आत येऊन बसले, चहा नको म्हणाले, मग घेतला.

"मागच्या वर्षी तुम्ही मला प्रतिभावंत म्हणालात," ते म्हणाले. "मी त्या एका शब्दावर वर्षभर लिहीत बसलो."

"मागच्या वर्षी मी वाचलं नव्हतं," ढुंढिराज म्हणाले.

गुळव्यांनी कप खाली ठेवला. "वाचलंच नव्हतं," त्यांनी स्वतःशी म्हटल्यासारखं म्हटलं. "आणि आता?"

"आता वाचलंय. दोन्ही. कालवे मला कळत नाहीत. पण वडिलांचं जे आहे, साहेब एकदा नाही म्हणाल्यावर रजेचा अर्ज तुम्ही खिशातच ठेवता आणि पाहणीला जाता, ते वाचून मी उठून खाली जाऊ शकलो नाही. माझे वडील गेले तेव्हा मीही ड्यूटीवरच होतो. मला कोणी अडवलं नव्हतं."

"कस्तुरी म्हणत होती, ते काढा," गुळवे म्हणाले. "त्यात मी चांगला दिसत नाही म्हणे."

"नाहीच दिसत."

खालच्या गल्लीतून घाटाकडे जाणाऱ्या माणसांचे आवाज येत होते. गुळव्यांनी डोळ्यांवरून उपरणं फिरवलं. आता दोन म्हाताऱ्यांची खरीखुरी मैत्री होणार अशी वेळ आली होती. तेवढ्यात गुळवे सावरून बसले आणि म्हणाले, "हे आत्ता बोललात ना, उठून खाली जाऊ शकलो नाही, ते जरा लिहून द्याल का? आत्मचरित्राची दुसरी आवृत्ती काढतोय. मलपृष्ठावर घालू."

ढुंढिराजांना हसू आलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. "देतो," ते म्हणाले. "पण खाली नाव माझ्या एकट्याचं नको. आजवर जे जे बोललो ते सगळं हिचं होतं. वाचायची ही, बोलायचो मी. हिचंही नाव घाला."

गुळव्यांनी वळून शरदिनीबाईंकडे पाहिलं. त्या दारात मटरच्या शेंगांचं सुपडं घेऊन सोलत उभ्या होत्या. इतक्या वर्षांत नवऱ्याने हे कोणापुढे म्हटलं नव्हतं, आणि ते ऐकताना त्यांचा हात शेंगेवर थांबला होता.

"माझं नाव नका घालू," त्या गुळव्यांना म्हणाल्या. "मला ते पुस्तक आवडलेलं नाही."